ॲक्सिलेटरातली पिले

आमच्या शेडातली पांढरी गाडी माझ्या धाकट्या लेकापेक्षा वयानं मोठी. गोल पाठीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या गळ्याशी असलेली, दार लावलं की तिजोरीसारखा धप्प आवाज करणारी. मालकांनी ती ऐन उमेदीत घेतली. मालक म्हणजे आमचे हे. सगळी वस्ती त्यांना मालक म्हणते म्हणून मीही म्हणते, नाहीतर घरातले खरे मालक कोण ते कन्हेरीपासून बारामतीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी त्या गाडीवर जेवढा जीव लावला तेवढा माझ्यावर लावला असता, तर दर रविवारी मलाही कुणीतरी धुऊनपुसून उन्हात उभं केलं असतं.

दोन वर्षांपूर्वी मालकांच्या डाव्या गुडघ्यानं संप केला. क्लच दाबायचा म्हटलं की कपाळावर घाम. गाडी शेडात उभी राहिली, आणि उभ्या गाडीवर डोळा ठेवणारी माणसं आपोआप उगवतात. इंदापूरचा एक मंडपवाला होता. हल्ली नवरदेवाला मिरवायला जुनी गाडी लागते म्हणे, आणि लग्नाआधी नवरानवरी तिला टेकून फोटो काढतात. तो रोज चहाच्या वेळेला फोन करायचा. "तात्या, ठरलं का?" एवढंच विचारायचा. मालक निम्मे विरघळले होते.

मी भाकरी थापता थापता म्हटलं, "गाडी द्यायची न्हाय. मी शिकते."

मग सगळे एकदम हसले. मी तेव्हा चौसष्टची.

"अगं, तुला साधी सायकल येत न्हाय," मालक म्हणाले.

"सायकलीला दोन चाकं, पडायची भीती. हिला चार हायत."

मला शिकायचं होतं त्याला कारणही होतं. माझी थोरली बहीण बावड्याला असते. तिला "येते गं, येते गं" म्हणून दहा वेळा सांगायचं आणि दहाही वेळा कुणाच्या तरी सवडीची वाट बघत बसायचं, याचा मला वीट आला होता. तिला नेऊन पळसदेवाला धरणाचं पाणी उतरलं की वर येणारं देऊळ बघायचं, भिगवणला मासे खायचे, मनात आलं तर नुसतंच कॅनॉलच्या कडेनं फिरायचं, असले माझे बेत होते.

शेवटी मालकांनी अट घातली. "शिकाऊ लायसनची मुदत सहा महिने. तेवढ्यात पक्कं लायसन आणलंस तर गाडी तुझी. न्हाय आणलंस तर गाडी इंदापूरला." मंडपवाल्यालाही त्यांनी तसंच कळवलं. तो बिचारा त्या दिवसापासून माझ्या नापास होण्याची वाट बघू लागला.

ऊस गेलेल्या रानात मी शिकले. मालक शेजारी बसायचे आणि दर दोन मिनिटांनी दाराची मूठ धरायचे. मला सगळं जमलं. वळण जमलं, मागं घेणं जमलं, आठचा आकडा तर मी असा काढायचे की माझी जाऊ, जी शेजारच्याच घरात राहते आणि जिला माझं काहीही पटत नाही, तीसुद्धा कुंपणाशी उभी राहून बघायची. फक्त चढ जमेना. चढावर गाडी थांबवायची आणि मागं न घसरता पुन्हा पुढं काढायची, ते. मी ॲक्सिलेटर दाबायचे. गाडीला पत्ताच नाही. आणखी दाबायचे. तरी नाही. पाय पार निम्मा आत गेला की एकदम काय अंगात यायचं कोण जाणे, गोऱ्ह्यासारखी उडीच मारायची. एका सकाळी ती अशी उडाली की थेट जावेच्या कोथिंबिरीत.

"गाडी शिकतीस का कुस्ती गं?" जाऊ म्हणाली.

"कोथिंबीर विकत घेते तुझी."

"आता चटणी झाली तिची, वाटायचं काम न्हाय."

पहिल्या परीक्षेलाही तेच झालं. बारामतीच्या आरटीओच्या मैदानावर आठ मस्त काढला, चढावर गेले आणि गाडी आधी हातभर मागं घसरली, मग उडाली. शेजारचे साहेब तरणे होते, सभ्य होते. त्यांची टोपी पडली. ती उचलून त्यांनी कागदावर लिहिलं आणि म्हणाले, "आजी, पायावर ताबा नाही अजून. पुन्हा या."

पायावर ताबा नाही! मला! मी चाळीस वर्षं पायमशीन चालवली आहे. सातवी झाल्यावर कुणी शिकवलं नाही, आपल्या आपण शिकले, आणि अर्ध्या गावाच्या पोलक्यांना माझ्या पायानं टाके पडलेत. रेशमावर टाका घालायचा तर पायटा कसा केसाएवढा दाबायचा ते मी झोपेतसुद्धा सांगीन. मी घरी येताना मालकांना म्हटलं, "माझा पाय बरोबर हाय. तुमच्या गाडीचं काहीतरी चुकतंय."

"तीस वर्षं मी चालवली, मला कधी न्हाय चुकली."

"तुमी उड्या मारत चालवायचा. आमाला वाटायचं रस्ता खराब हाय."

दुसरी तारीख मंगळवारची मिळाली, अकरा दिवसांवर. शिकाऊ लायसनची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, म्हणजे हा शेवटचाच डाव. मी मालकांच्या डायरीतून जुन्या मिस्त्रींचा नंबर काढला. मिस्त्री इंदापूरचे. जुन्या गाड्यांचे डॉक्टरच, पण वय झालेलं, कान मंद, तोंडात सतत तंबाखू. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. पाय निम्मा आत गेला तरी गाडी हलत नाही, मग एकदम उडते. तिकडून थुंकल्याचा आवाज आला आणि मिस्त्री म्हणाले,

"काकी, पिले हाय त्यात."

"काय?"

"पिले. ॲक्सिलेटरात. लई पिले हाय."

म्हणजे पिल्लं! आमची मांजरी महिनाभर काय फुगली होती! आणि झोपायची कुठं, तर त्या गाडीच्याच बॉनेटवर.

"अगं बाई! किती असतील हो?"

"बघितल्याबिगर कसं सांगू? तीनचार ठिकाणी तरी असंल."

"तीनचार! मग आपोआप जातील का निघून?"

"आपोआप कुठलं जातंय, काकी? वाढतच जातंय ते दिसागणिक."

तेही खरंच होतं. वाढणारच की. मी विचारलं, "मग मी हात घालून काढू का हळूच?"

"आजाबात हात घालू नका! बोटं जातील. मी येतो आठ दिसात. आन् तवर गाडी चालवायची न्हाय. पिले काढल्याबिगर गाडी चालवली तर काय व्हईल सांगता येत न्हाय."

मी फोन ठेवला आणि पळत शेडात गेले. मालक तिथंच खुर्ची टाकून बसले होते. मी म्हटलं, "अहो, गाडीत पिल्लं हायत!"

आता आमच्या मालकांचं सांगते. माणसं आजारी पडली तर ते म्हणतात, होईल बरं. पण गायी-म्हशी, कुत्रीमांजरी म्हटली की पाणी होतं त्यांचं. लगेच उठून त्यांनी बॉनेटला कान लावला. "व्हय गं," म्हणाले, "काहीतरी वाजतंय आत." मीही कान लावला. मलाही वाजल्यासारखं वाटलं. आता सांगते, बॉनेटला कान लावला तर प्रत्येकाला काही ना काही वाजतंच, पण तेव्हा डोक्यात दुसरं काही शिरेचना.

"उघडून बघू का?" मी म्हटलं.

"खुळी का काय! माणसाचा वास लागला तर ती टाकून देती पिल्लांना. आन् मांजर सात घरं फिरवती पिल्लं. हे तिचं पहिलं घर हाय का सातवं, आपल्याला काय ठावं? तिची ती हलवंल. तवर हात लावायचा न्हाय."

आणि गाडीला मनाई झाली. मालकांनी बॉनेटवर माझी बाळंतपणातली गोधडी घातली, ऊब राहावी म्हणून. पुढच्या चाकाशी दुधाची वाटी ठेवली. सकाळी बघतो तर वाटी चाटून लख्ख! झालं, आता पुरावाही मिळाला. दुसऱ्या दिवशी वाटीच्या जागी थाळी आली. तीही लख्ख. वस्तीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. जाऊ आली, गोधडीकडं बघून म्हणाली, "बाळंतिणीला नुसतं दूध? डिंकाचे लाडू कर की!" पण जाता जाता म्हणाली, "एक मला ठेव हां. भुरं असंल तर भुरंच." दूधवाला म्हणाला, उंदीर लई झालेत, मला दोन. शाळेतल्या बाईंनी एक मागितलं. कॅनॉलपलीकडच्या पोल्ट्रीवाल्यानं निरोप पाठवला, मला नक्को, पण बघायला येतो. न बघितलेली चार पिल्लं आमच्याकडं बुक झाली, आणि मालक वहीच काढून बसले, कुणाच्या घरी पोरं त्रास देणार नाहीत ते बघूनच पिल्लू द्यायचं म्हणून.

मी मात्र आतल्या आत पोळत होते. सराव बंद. रोज रात्री पाटावर बसायचे तशी स्टुलावर बसायचे, समोर ताट उभं धरायचे स्टिअरिंग म्हणून, आणि पायानं जुन्या मशीनचा पायटा दाबायचे. चढ, थांब, क्लच, हळू हळू हळू सोड. मालक अंथरुणातून म्हणायचे, "ताट वाकडं झालं, उजवीकडं जातीस तू." दिवस जात होते. मंडपवाल्याचा फोन चहाला येतच होता. मालक त्याला म्हणाले, "सध्या गाडी बाळंत हाय." त्यानं फोनच ठेवला म्हणे.

मिस्त्री आले ते थेट रविवारी. परीक्षा मंगळवारी. ते मोटरसायकलवरून उतरतात तो शेडासमोर ही गर्दी. जाऊ सूप घेऊन, त्यात जुनं पातळ अंथरून. दूधवाला दोन पिशव्या घेऊन. मालक हात जोडून पुढं. "मिस्त्री, हळू उघडा. दणका देऊ नका. बिथरतील."

"कोण बिथरंल?"

"पिल्लं."

"कशाची पिल्लं?"

"अहो मांजराची. तुमीच न्हाय का सांगितलं हिला फोनवर?"

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "पिले हाय म्हणालात ना? लई पिले हाय, तीनचार ठिकाणी हाय, दिसागणिक वाढतंय..."

मिस्त्रींच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. तंबाखू गिळली त्यांनी, ठसका लागला, आणि ते चाकाला टेकून खालीच बसले. पाणी द्यावं लागलं. "काकी," ते डोळे पुसत म्हणाले, "पिले म्हंजी पिले! विंग्रजी. पी, एल... खेळ, वो! ढील! सांधं झिजलं की दांडी नुसती खेळती जाग्यावर, पुढं काय जात न्हाय. त्याला आमी पिले म्हणतो."

मग ते प्ले होतं. खेळ. ढील. पोल्ट्रीवाला शहाण्यासारखा म्हणाला की प्ले म्हणायचं त्याला, तर मिस्त्री म्हणाले, "तेच म्हणलं की मी. पिले."

"मग दूध कोण पितंय?" मालकांनी विचारलं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात आमची मांजरी गोधडीखालून आळस देत बाहेर आली, पहिल्यापेक्षा दुप्पट झालेली. मिस्त्रींनी तिला मानगुटीला धरून उचललं, शेपूट वर करून बघितलं आणि म्हणाले, "तात्या, हा बोका हाय."

मग जे हसणं सुरू झालं ते थांबायलाच तयार नाही. जाऊ सूप टाकून जमिनीवर बसली. दूधवाल्यानं दोन्ही पिशव्या तोंडाला लावल्या. मला हसता हसता उचक्या लागल्या, आणि उचक्या लागल्या म्हणून सगळे पुन्हा हसले. चार वर्षं आम्ही त्याला "ये गं बाय, ये गं" म्हणत होतो, आणि तो यायचा! शेवटी मालकही हसले, पण आधी त्यांनी वहीतलं ते पान फाडून खिशात घातलं.

गोधडी काढली, बॉनेट उघडलं. मिस्त्री कार्बोरेटरपाशी वाकले आणि तिथली दांडी दोन बोटांनी हलवून दाखवली. टोकाला एक लोखंडी गोळी, ती एका वाटीत बसते. वाटी झिजून खोलगट झाली होती, गोळी आत लडबडत होती. "हे बघा पिले," म्हणाले. त्यांनी पेटीतून दुसरी वाटी काढून बसवली. मालकांना आत बसवून पेडल दाबायला सांगितलं. थोडा फरक पडला, पण पाय अजून तिसऱ्या हिश्शापर्यंत फुकटच जात होता.

मला राहवेना. मी म्हटलं, "मिस्त्री, सरका जरा. मशीनचं असंच असतंय. पायट्यापासून चाकापर्यंत दांडी जाते. बुडाचा सांधा ढिला झाला की पाय हलतो आन् चाक मागं राहतं, धागा तुटतो. मी एक एक सांधा चाचपून बघते. अहो, तुमी दाबा हळूहळू. केसाएवढं."

"केसाएवढं म्हंजी किती?" आतून मालक.

"तुमच्या डोक्यावर हायत तेवढ्या केसाएवढं."

त्यांनी दाबलं. मी प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत गेले. आधी पेडलच्या बुडाची पिन. ती भोकात सूतभर सरकली, मग दांडी हलली. तो एक चोर. मग कार्बोरेटरची वाटी, ती आता ठीक. पण मधे, इंजिन आणि आपली बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर एक आडवी दांडी दोन भोकांत फिरते, तिथं माझं बोट थांबलं. दांडी फिरायच्या आधी भोकातल्या भोकात वर उचलली जात होती. मी म्हटलं, "हितं बघा. ही गरगर फिरायच्या ऐवजी नाचती हाय."

मिस्त्रींनी चष्मा वर केला, टॉर्च लावला. "आयला," म्हणाले, "बुश पार खाऊन टाकलंय की. मी आपला शेपटाकडंच बघत बसलो." भोकात एक छोटी नळी असते, दांडी तिच्यात फिरते, त्याला बुश म्हणतात. आमच्या गाडीत तिचं नाव राहिलं होतं, नळी नव्हती.

पेडलची पिन त्यांच्या पेटीत मिळाली. बुश मिळेना. "लेथवर पितळी काढून घ्यायला पायजे. आज रविवार. उद्या लेथवाला लग्नाला जाणार हाय. बुधवारी येतो मी."

"बुधवारी?" मी म्हटलं. "मंगळवारी परीक्षा हाय. बुधवारी गाडी इंदापूरला जाईल मंडपात. तिथंच घाला मग तिला बुश आन् मुंडावळ्या."

मालक पेडलवरचा पाय काढायचा विसरले होते. मी खाली बघितलं, आणि शेडाच्या कोपऱ्यात ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी पडलेली दिसली. उसाला पाणी सोडायची ठिबक, तिच्या जोडाच्या लहान नळ्या डब्यात भरलेल्या. काळ्या, टणक, गुळगुळीत. मी डबाच ओतला. एक घालून बघितली, सैल. दुसरी जाईना. तिसरी दांडीवर अशी बसली की पोलक्याची बाहीच! बाहेरून थोडी जाड होती, ती मी माझ्या कात्रीनं आणि कानशीनं घासली, थोडं खोबरेल लावलं, आणि भोकात दाबली. मिस्त्री आधी "न्हाय, न्हाय, प्लास्टिकचं काय खरं" म्हणत होते. मग त्यांनी दांडी हलवली. ती नुसती फिरली. वर नाही, खाली नाही.

"परीक्षेपुरतं चालंल," म्हणाले. "पितळी मी घालून देतो नंतर. पण काकी, तुमी गॅरेज काढू नका. आमी काय खायचं?"

दुसऱ्या भोकातही तशीच बसवली. मग मला हाव सुटली. मी म्हटलं, आता ढील राहिलीच नाही पाहिजे, काडीएवढीसुद्धा. मिस्त्रींनी लांब दांडीच्या आट्या फिरवून ती ताठ केली. मालकांनी गाडी सुरू केली, आणि गाडी बोंबलायलाच लागली! पेडलला पाय न लावता इंजिन गरगरतंय. बोका शेडावरून उडून पलीकडं गेला.

"बंद करा, बंद करा!" मिस्त्री ओरडले. मग समजावून म्हणाले, "पाय उचलला की पार मिटाय पायजे ते. दांडी ताठ असली की मिटत न्हाय, कायम जरा उघडं ऱ्हातं. थोडी पिले ठेवावी लागती."

"ठेवा की एक पिल्लू," जाऊ म्हणाली. "मी भुरं सांगितलं होतं."

मिस्त्रींनी दोन आट्या मागं घेतल्या. ओढून धरणारी स्प्रिंग तपासली, पेडल पार तळाला दाबून कार्बोरेटर पुरतं उघडतंय का ते बघितलं, आणि मला म्हणाले, "बसा."

मी बसले. अहो, काय सांगू! पाय टेकला नाही तोच गाडीनं हूं केलं. इतकं हळू, इतकं लगेच, की मला वाटलं रेशमावर टाका घालतेय. मी तिला शेडाबाहेर काढली, रानाच्या वाटेनं कॅनॉलच्या चढावर नेली, मधेच थांबवली आणि पुन्हा काढली. थांबवली, काढली. सात वेळा. जावेच्या कोथिंबिरीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मालक शेजारी बसले होते. त्यांनी दाराची मूठ सोडून दिली आणि एकदा नुसतं "हं" म्हणाले. तीस वर्षं आपण उड्या मारत होतो हे त्यांना बहुधा तेव्हा कळलं.

मंगळवारी मैदानावर तेच तरणे साहेब. गाडीत बसताना त्यांनी टोपी काढून मांडीवर घेतली. आठ काढला. गाडी मागं घेऊन लावली. मग चढ. निम्म्यावर थांबले, हातब्रेक ओढला. माझ्या तळव्याला घाम आला होता, चप्पल निसटत होती, ती मी दार उघडून बाहेरच टाकली. अनवाणी पाय ठेवला पेडलवर, जसा मशीनवर ठेवायचे. दाबला केसाएवढा. इंजिनचा आवाज बदलला, क्लच अंगठ्याएवढा सोडला, गाडीचं नाक जरा उचललं, मी ब्रेक सोडला आणि गाडी चढून गेली, जशी म्हातारी बाई देवळाच्या पायऱ्या चढते तशी, सावकाश, कुणालाही धक्का न लावता.

साहेब चढाच्या वर पोचल्यावर म्हणाले, "आजी, काय केलंत?"

"पिले काढली," मी म्हटलं.

त्यांना वाटलं माझं काहीतरी खाजगी असावं. त्यांनी टोपी घातली, कागदावर सही केली, म्हणाले, "पास. कार्ड टपालानं येईल."

पुढचं मला नीट आठवत नाही. म्हणजे आठवतं ते असं की मी साहेबांच्या पाया पडायला वाकले आणि ते माझ्या पाया पडायला वाकले आणि आमची डोकी आपटली. मग मी गाडीत बसले, गेटातून बाहेर काढली, आणि निघाले. खिडकीतून वारा येत होता. दोन्ही बाजूंना ऊस. उसाच्या ट्रॉलीच्या मागं मागं गेले तर ट्रॉलीवाल्यानं हात केला, मी त्याच्या पुढं काढली आणि मीही हात केला. बावडा, बावडा, असं काहीतरी मी मोठ्यानं म्हणत होते. पायाखाली गाडी ऐकत होती. इंदापूर रस्त्याला किती लांब आले ते मला कळलं नाही.

फोन वाजला. चालवताना फोन घ्यायचा नाही हे मला ठाऊक, मी नीट दिवा लावून कडेला थांबले.

"कुठं हायस?" मालकांचा आवाज.

मी शेजारच्या सीटकडं बघितलं. तिथं माझी पिशवी होती.

"अगं बाई," मी म्हटलं. "तुमी कुठं हाय?"

"मी हितंच. आरटीओच्या दारात. चहा घेऊन उभा हाय दोन कप. एक तुझा."

"पास झाले मी!"

"ते दिसलं. माझ्या म्होरनंच गेलीस. मी हात बी केला. तू बी केलास."

"मी येते परत, थांबा."

"आजाबात हलू नको! कार्ड हातात न्हाय अजून. शेजारी लायसनवाला लागतो. मीच येतो."

मग मी जागची हलले नाही. पाऊण तास लिंबाखाली बसले, अनवाणीच, कारण चप्पल चढावरच राहिली होती. मालक आले ते दुधाच्या टेंपोत, पुढं ड्रायव्हरशेजारी, एका हातात माझी चप्पल. उतरले, गुडघा धरत धरत डाव्या बाजूनं गाडीत बसले, दार धप्पकन लावलं. चप्पल माझ्या पायाशी ठेवली.

मग म्हणाले, "मंडपवाल्याचा फोन आला होता मघाशी, तू गेल्यावर."

"काय म्हणालात?"

"म्हणलं, गाडी गेली."

"मग?"

"तो म्हणला, कुठं गेली? म्हणलं, ते मलाबी ठाव न्हाय."